मांबलमच्या रुळांपाशी राष्ट्रभाषा

चेन्नईतल्या मांबलम स्टेशनाच्या पूर्वेला टी. नगरची साड्या-सोन्याची झुंबड, पश्चिमेला वेस्ट मांबलमची देवळं, मेस आणि अयोध्या मंडपम. टी. नगरात दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचं मुख्यालय आहे. सभा १९१८ची. गांधीजी अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष होते, आणि पहिला प्रचारक म्हणून त्यांनी आपला मुलगा देवदास याला मद्रासला धाडलं होतं. पण टी. नगर आणि वेस्ट मांबलम यांना जोडणाऱ्या भुयारी रस्त्यांपैकी एकाला नाव आहे अरंगनाथन यांचं. हिंदी लादली जाते आहे म्हणून विरुगंबक्कमच्या या माणसाने जानेवारी १९६५मध्ये स्वतःला जाळून घेतलं.

ठिणगी जुनी होती. मद्रास प्रांताचं सरकार चालवणाऱ्या राजाजींनी १९३७मध्ये तिथल्या शाळांत हिंदी सक्तीची करायला घेतली. आंदोलन पेटलं, नटराजन आणि थलमुथू हे आंदोलक तुरुंगवासात मरण पावले, १९४०मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. पुढे राज्यघटनेने इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत १९६५च्या प्रजासत्ताकदिनी संपत आली आणि तामिळनाडू पुन्हा पेटलं.

मग राष्ट्रभाषा रुजवणं इंडोनेशियात कसं जमलं? २८ ऑक्टोबर १९२८ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांनी एक देश, एक राष्ट्र आणि एकतेची भाषा अशी शपथ घेतली. जावानीज बोलणारे तेव्हा जवळजवळ निम्मे होते. तरी निवड झाली मलयची. ती मोजक्यांचीच मातृभाषा, पण बेटाबेटांवरच्या बंदरांत तिच्यावर व्यापार चाले. शिवाय जावानीजमध्ये मानपान फार: साध्या बोलीत जेवणं म्हणजे 'मांगान', अदबीने स्वतःविषयी बोलताना 'नेडा', थोरांविषयी 'डाहार'. मलयमध्ये असा उतरंडीचा जाच नव्हता. आणि सगळ्यात मोठ्या गटाने आपली भाषा पुढे रेटली नाही, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. १९४२मध्ये जपान्यांनी डचवर बंदी घातल्याने शाळा-कचेऱ्यांत मुख्यतः हीच भाषा उरली. १९४५च्या घटनेने ती इंडोनेशियन या नावाने राजभाषा केली. हिंदीला मात्र अशी बंदरातली तटस्थ भाषा म्हणून कोणी पाहिलंच नाही. मद्रासला ती उत्तरेच्या बहुमताची भाषा वाटली.

अर्थात इंडोनेशियाचं कौतुक बेतानेच करावं. सुहार्तोंच्या राजवटीत चिनी भाषेच्या शाळा बंद होत्या. पूर्व तिमोर १९७५मध्ये बळकावल्यावर तिथल्या शाळांत इंडोनेशियन आली. स्वतंत्र झाल्यावर तिमोरने राजभाषा म्हणून तेतुम आणि पोर्तुगीज घेतल्या.

आपली मराठीही तमिळ मुलखात एकेकाळी राजाची भाषा होती. व्यंकोजींपासून १८५५पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती. बृहदीश्वराच्या देवळात मराठीतला लांबलचक शिलालेख आहे. पण तिने प्रजेच्या तमिळला हटवलं नाही. त्या काळी आलेल्या मराठी मंडळींचे वंशज चेन्नईत आहेत. शेजारी त्यांच्यापैकी अनेकांना 'रायर' म्हणतात. घरात त्यांची मराठी, तमिळच्या वळणाची, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी अनेकांना येत नाही, त्यामुळे मराठी मासिक हाती पडलं तरी उपयोग नाही.

मद्रासच्या त्या आंदोलनानंतर फेब्रुवारी १९६५मध्ये पंतप्रधान शास्त्रीजींनी आकाशवाणीवरून इंग्रजी चालू ठेवण्याचं आश्वासन दिलं. १९६७च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं. राज्यात अण्णादुराईंच्या सरकारने १९६८मध्ये शाळांपुरत्या तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा ठेवल्या. सभेच्या 'प्राथमिक', 'मध्यमा', 'राष्ट्रभाषा' परीक्षांना मात्र तमिळ मुलं आजही बसतात, तीही घरगुती शिकवण्या लावून, फी भरून.