अकरा वाजता की साडेचार वाजता?

"सर, उद्याचे प्रात्यक्षिक सकाळी अकराला की दुपारी साडेचारला?" रिठदहून (जि. वाशीम) येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले. फलकावर अकरा होते. मी पाठवलेले वेळापत्रक मात्र तिच्या मोबाइलवर साडेचार दाखवीत होते! चूक माझीच होती. ती कशी झाली, हे पाहताना दिनदर्शिकेची फाइल कशी बनते तेही आपणांस समजेल.

विद्यार्थी मित्रांनो, निरनिराळ्या संगणकांना एकच दिनदर्शिका वाचता यावी म्हणून १९९८ साली 'आयकॅलेंडर' ही लेखनपद्धती ठरली. २००९ साली ती सुधारली गेली. अशी फाइल म्हणजे साधा मजकूरच असतो. प्रत्येक प्रसंगाची एक आरंभाची व एक शेवटची ओळ असते. मधल्या ओळींत प्रारंभाची वेळ, मथळा, स्वतंत्र ओळखक्रमांक वगैरे माहिती ठरावीक रोमन शब्दांपुढे लिहितात.

मी वेळापत्रक साध्या ओळींत लिहिले होते: तारीख, उभी रेघ, वेळ, उभी रेघ, विषय. त्याची फाइल 'ऑक'ने केली. अेहो, वाइनबर्गर व कर्निगन यांनी १९७७ साली बेल प्रयोगशाळेत हे साधन तयार केले. ते प्रत्येक ओळ वाचते, रेघेपाशी तिचे तुकडे करते आणि आपण दिलेल्या साच्यात ते बसवते. ओळी चार असोत वा चारशे, आज्ञा एकदाच टंकावी लागते.

चूक होती ती साच्यात. वेळेच्या शेवटी मी 'झेड' हे रोमन अक्षर ठेवले होते. त्याचा अर्थ 'ही जागतिक प्रमाणवेळ आहे' असा होतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास आपण पुढे. मोबाइलने अकरात साडेपाच तास मिळवले व साडेचार दाखवले! 'झेड' काढून टाकताच वेळ बरोबर आली. त्याच संध्याकाळी सर्वांना निरोप धाडले. कोणाचीही परीक्षा हुकली नाही.

आणखी एक गंमत पाहा. या फाइलची ओळ ७५ बाइटांहून लांब असू नये, असा संकेत आहे. लांब ओळ तोडून पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, मात्रेला व हलन्त चिन्हालाही, तीन लागतात. 'भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक' यात अशी २४ चिन्हे व एक मोकळी जागा, म्हणजे ७३ बाइट. त्याआधीच्या 'समरी' शब्दाचे व विसर्गासारख्या चिन्हाचे ८ मिळून ८१! ओळ तोडावीच लागते. तोड तीन बाइटांच्या मधोमध पडली, तर काही ठिकाणी अक्षराऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात.

'रिठद' लिहिण्यास १२ बाइट लागतात. कसे, ते पडताळा. आता तुमच्या गावाचे नाव मोजून पाहा बरे!