एका नखाएवढ्या जागेत दहा हजार बिंदू

लक्झरजवळ नाईलच्या पश्चिम तीरावर वजीर रेखमिरेची कबर आहे. आतला बोळ सुमारे 27 मीटर लांब आणि छत चढत चढत शेवटी 8 मीटरवर जाते. चित्रांनी भरलेल्या भिंती साधारण 300 चौरस मीटर. म्हणजे आपल्याकडच्या 800 चौरस फुटांच्या चार फ्लॅटांची अख्खी जमीन चित्रांनी झाकली, असे समजा. एका भिंतीवर अंत्ययात्रा, तर समोर मुखोद्घाटनाचा विधी. मृताला पुन्हा खाता-बोलता यावे म्हणून करायच्या या विधीचे अभ्यासकांनी एकूण 75 प्रसंग मोजले आहेत. त्याआधी देह टिकवण्याचे 70 दिवस वेगळेच.

हे सगळे कुणीतरी हाताने उतरवून घेतले. नॉर्मन आणि नीना डेव्हिस हे इंग्रज दांपत्य 1907 पासून सुमारे तीन दशके इथल्या कबरींमध्ये राबले. आरशांनी ऊन आत वळवायचे, भिंतीवरून रेषा उतरवायच्या आणि मूळ चित्रकाराने ज्या क्रमाने रंग दिले त्याच क्रमाने थर चढवायचे. पोपडा उडाला असेल तर तोही जसाच्या तसा रंगवायचा. याच भागातल्या रामोस या वजिराच्या कबरीतल्या शोक करणाऱ्या बायकांकडे जवळून पाहा. हात वर उचललेले, गालांवर ठिपक्या-ठिपक्यांनी ओघळणारे अश्रू आणि त्या गर्दीत एक छोटी मुलगी. 3,300 वर्षांपूर्वीचा एकेक अश्रू कुंचल्याने पुन्हा काढायचा, याला केवढा धीर लागत असेल! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे इजिप्तच्या भित्तिचित्रांच्या अशा साडेतीनशेहून जास्त प्रतिकृती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक या दोघांच्या. नीनाच्या निवडक प्रतिकृतींचा 104 रंगीत चित्रांचा ग्रंथ 1936 मध्ये निघाला. नॉर्मनचे रेखमिरेवरचे पुस्तक 1943 मध्ये आले, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती.

आता यंत्राचा आकडा पाहा. माद्रिदच्या फॅक्टम आर्टे या प्रतिकृती घडवणाऱ्या संस्थेने 2009 मध्ये तुतानखामेनच्या दफनकक्षाच्या भिंती लेझरने मोजल्या. एका चौरस मीटरला 10 कोटी बिंदू, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला 10 हजार! त्यातून साकारलेली प्रतिकृती 2014 पासून, ही कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या घराजवळ, सर्वांसाठी खुली आहे. तुतानखामेनची शवपेटी ओढणारे 12 जण तिथे आहेत आणि बिबळ्याचे कातडे पांघरून मुखोद्घाटन करणारा, त्याच्यानंतर राजा झालेला आयही आहे. कार्टरच्या काळात कक्षात शिरण्यासाठी फोडलेला भिंतीचा एक तुकडा पुढे हरवला, तोही जुन्या छायाचित्रावरून पुन्हा घडवला आहे.

खऱ्या कबरीत माणसांच्या श्वासाचा दमटपणा आणि पावलांची धूळ रोज साचते. म्हणून लक्झरला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे: प्रतिकृतीला दुय्यम समजू नका, तिलाही निवांत वेळ द्या. हरवलेला तो तुकडा मूळ कबरीत तुम्हाला दिसणार नाही.