हैदराबाद क्रमांक 12अ

लंडनच्या उत्तरेला हेंडन येथे ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय आहे. तिथे पहिल्या महायुद्धातले एक दुपंखी बॉम्बफेकी विमान उभे आहे, नोंदणी क्रमांक एफ 1010. ते हैदराबादच्या निजामांची भेट असल्याचे त्याच्या अंगावर रंगवलेले आहे, आणि त्याचे नावही : 'हैदराबाद क्रमांक 12अ'. निजामांच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते. किनवट-माहूरही होते, हा भाग 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. सरकारी खजिना असो की निजामांचे खासगी 'सर्फ-ए-खास', दोन्हींत पैसा यायचा तो मुख्यतः शेतसाऱ्यातून. म्हणजे 1918 साली जर्मनीतल्या कारखान्यांवर जे बॉम्ब पडले, त्यांच्या खर्चात मराठवाड्यातल्या कुणब्याने पटवाऱ्याकडे भरलेल्या निजामी 'हाली' रुपयांचाही वाटा होता. तो विचारून घेतलेला नव्हता, हे सांगायला नकोच.

शत्रूच्या सैन्याऐवजी त्याचे कारखाने गाठायचे, ही युद्धनीती तेव्हा नवी होती. 13 जून 1917 रोजी जर्मन गोथा विमानांनी भरदिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. पॉप्लर भागातल्या एका शाळेत 18 मुले दगावली. इंग्लंड हादरले. दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांनी दिलेल्या अहवालावरून 1 एप्रिल 1918 ला स्वतंत्र हवाई दल उभे राहिले, आणि जूनमध्ये ब्रिटिश सेनानी ट्रेंचर्ड यांच्या हाताखाली फ्रान्समध्ये 'इंडिपेंडंट फोर्स' स्थापन झाला. आघाडीवरच्या पायदळाची मदत करणे हे त्याचे काम नव्हते. ऱ्हाइन आणि सार नदीकाठची औद्योगिक शहरे हे त्याचे लक्ष्य.

त्यांतले सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे मॅनहाइमसमोरचे लुडविग्सहाफेन. ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केल्यावर जर्मनीला चिलीचा सोरा मिळेना, आणि सोऱ्यावाचून स्फोटके बनत नाहीत. तरी जर्मनी चार वर्षे लढली. लुडविग्सहाफेनशेजारी ओपाऊ येथे बाडिश ॲनिलिन कंपनीच्या कारखान्यात 1913 पासून हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनत होता. त्याच अमोनियापासून आज आपल्या कापसा-सोयाबीनला घालतो ती खते होतात, आणि त्याच्यापासूनच तोफगोळ्यांची दारूही. त्यामुळे हा कारखाना बंद पाडता आला तर युद्ध लवकर संपेल, हा हिशोब चुकीचा नव्हता. फ्रेंचांनी मे 1915 मध्येच तिथे हल्ला करून पाहिला होता.

निजामांच्या भेटीतून सज्ज झालेले पथक म्हणजे 110 क्रमांकाचे, 'हैदराबाद' स्क्वॉड्रन. 1 सप्टेंबर 1918 ला ते फ्रान्समध्ये, लॉरेन भागातल्या बेतोंकूर येथे आले. त्याची विमाने डीएच 9ए जातीची. याआधीचे डीएच 9 इंजिनात फार कच्चे होते; त्यावर उडणाऱ्या पथकांची कित्येक विमाने वाटेतूनच परतायची. 9ए ला अमेरिकेचे 400 अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन बसवले आणि ही तक्रार बरीचशी मिटली. पुढे वैमानिक, मागे निरीक्षक-तोफची, दोघेही उघड्यावर. बॉम्बचे वजन न्यायचे ते जास्तीत जास्त 300 किलोच्या आसपास. उंची पंधरा-सतरा हजार फूट, थंडी हाडे गोठवणारी. सहा-सहा विमानांच्या दोन टोळ्या दाटीने उडत, कारण दाटी मोडली की एकेकट्या विमानाला जर्मन लढाऊ विमाने घेरत. म्होरक्याने बॉम्ब सोडला की बाकीचेही सोडत. त्या उंचीवरून कारखान्याचे नेमके छप्पर साधणे ही नशिबाचीच गोष्ट होती.

14 सप्टेंबरला पहिली मोहीम बूले येथील विमानतळावर झाली, दोन दिवसांनी मॅनहाइमवर. 25 सप्टेंबरला फ्रँकफुर्टच्या मोहिमेत चार विमाने परतली नाहीत. 21 ऑक्टोबरला कोलोनच्या रोखाने निघालेल्यांतली सात गेली, आणि पथकप्रमुख मेजर रेनेल जर्मनांच्या हाती सापडले. युद्ध थांबेपर्यंत या पथकाने टाकलेल्या बॉम्बचे वजन सुमारे साडेदहा टन भरले. शत्रूने पाडलेली विमाने 17, अपघातांत मोडलेली 28. पथकाची एकूण क्षमता 18 विमानांची होती. दोन महिन्यांत ते जणू अडीच वेळा संपून पुन्हा भरले गेले. विमानामागे सरासरी पाव टनही बॉम्ब पडले नाहीत. मराठवाड्यातला कोणताही सावकार हा व्यवहार पाहून वही मिटून ठेवील.

आणि कारखाने? युद्धानंतर ब्रिटिशांनी तपासणी केली, तेव्हा प्रत्यक्ष नुकसान थोडेच निघाले. ओपाऊचा अमोनिया फार काळ थांबला नव्हता. भोंगा वाजला की कामगार तळघरात जात, रात्रीची झोप मोडे, पाळी बुडे. खरा तोटा हा. ट्रेंचर्ड यांनी त्याच तोट्याला धरून दावा केला की बॉम्बचा मनावरचा परिणाम इमारतींवरच्या परिणामाच्या वीसपट असतो. हा आकडा त्यांनी कशावरून काढला, ते कुणालाच दाखवता आले नाही. तरी पुढची वीस वर्षे ब्रिटिश हवाई दलाने त्यावर श्रद्धा ठेवली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरे जाळण्यापर्यंत जो विचार गेला, त्याची मुळे या दोन महिन्यांतल्या अपुऱ्या पुराव्यात आहेत, असे माझे मत आहे.

एफ 1010 मात्र वाचले. 5 ऑक्टोबर 1918 ला ते जर्मन हद्दीत उतरले आणि त्यातले दोघेही कैदी झाले. विजयचिन्ह म्हणून बर्लिनच्या विमानसंग्रहालयात ते मांडले गेले. 1943 मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकीत ते संग्रहालयच उद्ध्वस्त झाले, पण हलवलेल्या विमानांबरोबर हे पोलंडला पोचले आणि क्राकोव्हला पडून राहिले. 1977 साली एका स्पिटफायरच्या बदल्यात ब्रिटनने ते परत मिळवले.

इकडे 1918 च्या त्या पावसाळ्यात दख्खन कोरडे गेले होते. धान्य महागले होते, आणि सप्टेंबरपासून मुंबईहून इन्फ्लुएंझाची जीवघेणी साथ देशभर पसरत होती. त्याच वर्षी निजाम मीर उस्मान अली खान यांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली. 'ब्रिटिश सरकारचे निष्ठावंत मित्र' हेही बिरुद होते. पण त्यांना हवा होता वऱ्हाड. माहूरगडावरून पैनगंगेपलीकडे दिसणारा तो कापसाचा मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभार मात्र 1853 पासून इंग्रजांचा, आणि 1902 पासून तर कायमच्या पट्ट्याने. विमाने देण्यामागे राजनिष्ठेइतकीच ही आशा असावी. 1923 मध्ये त्यांनी वऱ्हाड मागितलाच. 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी कडक शब्दांत नकार दिला. 1936 मध्ये मिळाले ते नाव फक्त : निजामाच्या किताबात 'आणि वऱ्हाडचे' हे दोन शब्द आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार'.

तरीही दुसऱ्या महायुद्धात निजामांनी हात आखडता घेतला नाही. 152 क्रमांकाच्या स्पिटफायर पथकाच्या बोधचिन्हात त्यांची पगडी आली. जुने 110 वे पथक 4 सप्टेंबर 1939 च्या, जर्मन युद्धनौकांवरच्या पहिल्याच हल्ल्यात होते, आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढले.

सप्टेंबर 1948 मध्ये विमाने भारतात सामील न झालेल्या निजामाच्याच राज्यावर आली. भारतीय हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी वरंगळ आणि बिदरचे विमानतळ बॉम्बने निकामी केले. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटनची विमाने कराचीहून रात्री चोरून शस्त्रे उतरवत होती ती निजामाच्या अशाच विमानतळांवर. 17 तारखेला निजामाने हात टेकले. इंग्लंडमधून कुणी मदतीला आले नाही.

माहूर आणि पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा अखेर एका राज्यात आले ते 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने.