आमच्या मोतीची आंघोळ

आमच्या घरी एक कुत्रा आहे. त्याचे नाव मोती. तो गावठी आहे. रंग तांबडा. रात्री तो अंगणात राखण करतो आणि दिवसा बाबांसोबत संत्र्याच्या वाडीत जातो.

मागच्या वर्षी मी मोतीला रोज कपड्याच्या साबणाने आंघोळ घालत होती. आजी म्हणायची, "कावून रोज धुतं वो त्याले? तो का शाळेत जाते?" मी ऐकत नव्हती.

पोळ्याच्या आधी मोती आजारी पडला. अंग तापलेले. भाकर पुढे ठेवली तरी नुसता बघायचा. मी खूप रडली. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मोतीचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. मग कान उलटून दाखवला. आत गोचिड्यांचा घोसच होता! गोचीड रक्त पिते आणि पिता पिता रोगाचे जंतू अंगात सोडते. त्यानेच ताप येतो. मी रोज आंघोळ घातली, पण कानात एकदाही पाहिले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "बाळ, आंघोळ महिन्यातून एक-दोनदा पुरे. हात मात्र रोज फिरव." कुत्र्याच्या कातडीवर तेलकट थर असतो. रोज साबण लावला की तो निघून जातो, मग कुत्रा खाजवत बसतो. कुत्र्यांचा साबण वेगळा मिळतो. चिखलात लोळला तर साध्या पाण्याने धुवावे.

मोतीचे केस आखूड आहेत. आठवड्यातून एकदा फणी फिरवली की झाले. नागपूर शहरात लोक झबरे कुत्रे पाळतात, त्यांना रोज विंचरावे लागते, नाहीतर केसांच्या गाठी होतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून काही जण कुत्र्याचे सगळे केस काढून टाकतात. तसे करू नये, ऊन थेट कातडीला लागते. मोतीची नखे कापावी लागत नाहीत, रस्त्याने फिरून झिजतात.

गोचिड्या कानात, मानेवर, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात लपतात. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. बोटाने चिरडू नये. आम्ही चुलीत टाकतो. काही लोक रॉकेल चोळतात, त्याने कातडी भाजते. एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून बाबांनी मोती झोपतो तिथल्या फटी लिंपून टाकल्या.

मोतीला सुया दिल्या. गोळ्या महिनाभर चालल्या. गोळी भाकरीत लपवली तर तो भाकर खायचा आणि गोळी थुंकायचा!

आता संध्याकाळी अभ्यास झाला की मी बॅटरी घेऊन बसते. मोती पाय वर करून पडून राहतो. काल दोन निघाल्या, दोन्ही डाव्या कानातून.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी