मुठीतले बळ

आखाजीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर पंजा लढवण्याचा खेळ रंगत असे. मी तेव्हा सातवीत होते आणि माझा धाकटा भाऊ पाचवीत. मी त्याचा हात हसत हसत खाली टेकवी. मग तो रडवेला होऊन, "ताई, तू दोन्ही हात लावलेस!" असा कांगावा करी. मी दहावीत गेले तेव्हा आमची बरोबरी झाली. त्याच्या पुढच्या आखाजीला त्याने माझा हात एका झटक्यात खाली नेला. त्यानंतर मी कधी जिंकले नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण सध्या आम्ही काही मुली पोलीस भरतीची तयारी करीत आहोत. भरतीत मुलींना चार किलोचा गोळा फेकावा लागतो. सकाळी सहाला शिंदखेड्याच्या मैदानावर तो गोळा उचलला की पहिल्या तीन-चार फेकी बऱ्या जातात, पुढे बोटे ढिली पडतात. हे माझ्या एकटीचेच नाही. मग वाटले, सातवीत ज्या हाताने भावाला हरवले, त्या हाताचे मध्यंतरी झाले तरी काय? मी कला शाखेची विद्यार्थिनी. शरीरशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरी या एका प्रश्नापायी बरेच वाचन झाले. ते वाचकांपुढे ठेवते.

पहिली नवलाची गोष्ट म्हणजे बोटांचे बळ बोटांत नसतेच. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या खाली धरा आणि उजवी मूठ आवळा. कातडीखाली जे टणक होते, ते मुठीचे खरे स्नायू. तेथून लांब दोऱ्यांसारखे स्नायुबंध मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीच म्हणा ना! तळहातातही लहान स्नायू आहेत, ते अंगठ्याला आणि नाजूक कामांना उपयोगी पडतात. मनगटात आठ हाडे असतात. पण जन्मतः त्यांतले बहुधा एकही हाड झालेले नसते, सगळी कूर्चाच असते. ती एकामागून एक हाडात बदलत जातात आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड नऊ ते बाराव्या वर्षांच्या सुमारास दिसू लागते. मुलींचे मनगट या बाबतीत मुलांच्या पुढे असते. बालवाडीतल्या पोराला पानेच्या पाने गिरवायला लावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहून आपले मनगट भरून येते, मग त्या पोराचे काय होत असेल!

मुठीचे बळ मोजण्याचे यंत्र जुने आहे. फ्रान्सच्या रेन्ये याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बनवले. बेल्जियमच्या क्वेटले याने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वयावार स्त्री-पुरुषांच्या हातांच्या बळाची कोष्टके दिली. पुढे १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात गाल्टनने तीन पेनी घेऊन नऊ हजारांवर माणसांची मोजमापे केली, त्यांत मुठीचा दाबही होता. आज जे यंत्र वापरतात त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. मूठ दाबली की काटा किलोमध्ये आकडा दाखवतो.

पाश्चात्य देशांतील कोष्टके पाहिली तर सहा वर्षांच्या मुलाचा दाब ८-९ किलोंच्या आसपास, दहाव्या वर्षी १५-१६ च्या आसपास आढळतो. आपल्याकडील आकडे सामान्यतः याहून काहीसे कमी भरतात. मुद्दा असा की, या वयापर्यंत मुलगे मुलींच्या किंचितच पुढे असतात. त्यातून मुलींची उंचीची झेप मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येते. म्हणून सातवीच्या वर्गात कितीतरी मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि पंजालाही भारी पडतात. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र वाटा फुटतात. मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, स्नायू भरतात आणि उंचीची झेप येऊन गेल्यावर सुमारे वर्षभराने बळाची झेप येते. सतरा-अठराव्या वर्षी मुलग्यांचा आकडा ४० किंवा त्याहून वर जातो, मुलींचा २५ ते ३० च्या दरम्यान राहतो. माझ्या भावाने मला हरवले ते त्याच्या या झेपेत. तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. सारख्याच जाडीचा स्नायू घेतला तर स्त्रीचा आणि पुरुषाचा जोर जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो स्नायू किती आहे याने. आणि स्नायू वाढतो कामाने व अन्नाने. दोन्ही बाबतींत तेराव्या वर्षानंतर आमच्या वाट्याला काय येते?

आमच्या गल्लीच्या टोकाला मोठा निंब आहे. आखाजीला त्याला झोके बांधतात. उभ्याने झोका चढवायचा तर दोर घट्ट आवळून धरावा लागतो. दिवसभर झोके घेतले की तळहात लाल होत. एरवी त्याच्या फांदीला आम्ही लोंबकळत असू. आठवीत गेल्यावर आजी एके दिवशी म्हणाली, "पोर, आते तू मोठी व्हयनी, झाडवर चढू नको." तिचा हेतू चांगलाच होता. शाळेतही त्याच सुमारास मैदान मुलांचे झाले आणि खेळाच्या तासाला आम्ही वर्गात भरतकाम करीत बसलो. अंगाचे वजन हातांनी पेलणे हा मुठीचा सर्वांत मोठा व्यायाम, आणि नेमका तोच सुटला. मुलगे मात्र सुटत नाहीत. ते विहिरीत सूर मारून दोराने वर येतात, बैल धरतात, पोती उचलतात.

यावर कोणी म्हणेल, मुली काय हाताने काम करीत नाहीत? करतात, भरपूर करतात. नेपिअर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन प्रकार सांगितले: एक बळाची पकड, दुसरी नेमकेपणाची. हापसा मारणे, कुऱ्हाड धरणे ही पहिली. कापूस वेचणे ही दुसरी. आमच्या तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे कपाशी फुटली की मायलेकी झोळी बांधून वेचणीला जातात. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघतात. दिवसभरात ती बोटे किती हजार वेळा मिटत असतील! पण त्या कामात जोर थोडा आणि दम फार लागतो. डायनॅमोमीटर एका क्षणाचा जोर मोजतो. वेचणीचा दम त्याच्या काट्यावर उमटतच नाही. दळणाचा घरोटा आणि विहिरीचा पोहरा ही बायकांच्या हातची बळाची कामे होती. ती गिरणीने आणि नळाने गेली. गेली ते बरेच झाले, पुन्हा घरोटा ओढा असे मी कोणाला सांगणार नाही. पण त्या जागी खेळ आला नाही.

अन्नाचे तर विचारूच नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे त्यांना पंडुरोग. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आमच्यातल्या किती जणींनी खिडकीतून फेकली, हे येथे लिहीत नाही!

मुलग्यांनीही फार खूश होऊ नये. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील दहा वर्षांच्या मुलामुलींची १९९८ आणि २००८ साली तपासणी झाली. दहा वर्षांत मुठीचा जोर सात टक्क्यांनी घटला. दांड्याला लोंबकळून स्वतःचे वजन पेलता येत नाही अशी मुले १९९८ मध्ये वीसांत एक होती, २००८ मध्ये दहांत एक. झाडावर चढणे थांबले की असे होते. आपल्याकडे दिवसभर मोबाईलवर फिरणारा अंगठा काही व्यायाम करतो असे नव्हे.

उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दोरीच्या मल्लखांबावर मुली ज्या कसरती करतात, त्यांत गाठ न मारता केवळ हातापायांच्या पकडीवर सारे अंग तोलले जाते. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुलींच्या पिढ्या हे शिकल्या. दृष्टिहीन मुलींनीही ते आत्मसात केले. तेरा वर्षांनंतर मुलीची पकड वाढत नाही, असे त्यांना पाहून कोणी म्हणणार नाही. वाढत्या वयातल्या मुलाला सुरुवातीला जो फायदा होतो, तो स्नायू फुगल्याने नव्हे, मज्जातंतूंना अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावण्याची सवय झाल्याने. तो फायदा मुलगा असो वा मुलगी, सारखाच मिळतो.

तेव्हा भरतीच्या सरावात आम्ही आता रोज गोळ्याच्या आधी लोंबकळतो. पहिल्या दिवशी मी मनात वीस आकडे मोजेपर्यंत टिकले, महिन्याने पन्नास. ओल्या फडक्याचा पिळाही दोन्ही हातांनी उलटसुलट घालतो. गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी ठेवायचा हेही उशिरा कळले. एक अडचण उरली आहे. मैदानावरचा लोखंडी बार उंच मुलांच्या मापाने लावलेला आहे. आमच्यातल्या निम्म्या जणींना तो उडी मारूनही गाठता येत नाही, म्हणून आम्ही विटा रचतो आणि त्या ढासळतात. त्याच्याशेजारी एक बुटका बार लावून मिळावा, असा अर्ज आम्ही अकरा मुलींनी सह्या करून कार्यालयात दिला आहे.