गाडी कुठे उभी करावी?

आपले अचलपूर फार जुने गाव आहे. त्याचे जुने नाव एलिचपूर. वऱ्हाडात १४९० साली इमादशाही सुरू झाली. तिची राजधानी इथेच होती. दुल्हा दरवाजा त्या जुन्या वैभवाची आठवण देत आजही उभा आहे. सरमसपुरा, बिलनपुरा असे एकेक ‘पुरे’ वसत गेले. घराला घर लागले. मधून गल्ल्या निघाल्या.

शेजारचे परतवाडा वेगळ्या रीतीने वाढले. इंग्रजी अमलात तिथे फौजेची छावणी होती. जुनी माणसे अजून ‘कॅम्पात जातो’ असेच म्हणतात. गावे दोन, पण नगरपालिका एक. मधले अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. दिवसभर इकडचा माणूस तिकडे आणि तिकडचा इकडे.

जुन्या गल्ल्या केल्या तेव्हा कोणासाठी केल्या? पायी चालणाऱ्यासाठी, घोड्यासाठी आणि फार तर बैलबंडीसाठी. १९१३ साली मूर्तिजापूरहून लहान रुळांची आगगाडी आली. तिलाच लोक प्रेमाने शकुंतला म्हणू लागले. तीही आता कित्येक वर्षांपासून बंद आहे. माणूस असो की माल, सारा भार रस्त्यावरच आला. घरोघरी मोटारसायकल आली. काही घरी मोटारही आली. माणसे वाढली, गाड्या वाढल्या, पण गल्ली होती तेवढीच राहिली. ती रबरासारखी ताणता येत नाही.

म्हणून आता गाडी चालवता येणे पुरेसे नाही. ती उभी कुठे करावी, हेही शिकले पाहिजे.

थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एक गल्ली १८ फूट रुंद आहे. मोटारसायकल सुमारे साडेसहा फूट लांब असते. दुकानाकडे तोंड करून एक गाडी आडवी लावली. समोरच्या दुकानापुढे दुसऱ्याने तशीच लावली. दोन्ही मिळून १३ फूट गेले. उरले किती? ५ फूट. एवढ्यातून सायकल जाईल, मोटार जाणार नाही.

आता त्याच दोन गाड्या भिंतीला लागून, रस्त्याच्या लांबीने लावू. हँडल धरून एका गाडीची रुंदी अडीच फूट. दोन्हींचे झाले ५ फूट. उरले १३ फूट! गल्ली तीच, गाड्या त्याच. फक्त लावण्याची रीत बदलली.

कोणी म्हणेल, “मास्तर, एवढा फुटाफुटाचा हिशेब कशाला? गाडीवाला थांबेल दोन मिनिटं.”

बाजारात हेच ऐकू येते. “भाऊ, गाडी जरा सरकवता काय?” “आत्ता येतो न बापा, दोनच मिनिटं!” दोन मिनिटे एकाची असतात. पण दहा माणसांची दोन-दोन मिनिटे एकापाठोपाठ लागली, की रस्ता वीस मिनिटे अडला.

आणि त्या वीस मिनिटांत कोणाच्या तरी घरी बाई अडलेली असते. कोणाच्या म्हाताऱ्या बापाच्या छातीत कळ आलेली असते. घरचे १०८ नंबरला फोन लावतात. रुग्णवाहिका चौकापर्यंत धावत येते आणि गल्लीच्या तोंडाशी अडकते. तिला आरशांसकट साडेसात फूट तरी वाट लागते. आगीच्या बंबाला आठ फुटांहून जास्त लागते. आपल्या ५ फुटांच्या वाटेतून ती कशी जाणार? मग रोग्याला खाटेवर घालून चौकापर्यंत आणावे लागते. गाडीवाला दुकानात भाव करत असतो. त्याला याचा पत्ताही नसतो. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण आजारी माणसाला त्याचा काय उपयोग?

सरकारचा कायदाही हेच सांगतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा फार त्रास होईल अशा जागी गाडी सोडून जाऊ नये, असे त्याच्या १२२ व्या कलमात आहे. मनाईच्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात आणि त्याचा खर्च मालकाला भरावा लागतो. २०१९ साली या कायद्यात सुधारणा झाली आणि दंडही वाढले. रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्हीही.

रस्त्यावरच्या पाट्या वाचायला शिका. निळ्या चौकोनी पाटीवर पांढरे इंग्रजी ‘पी’ अक्षर असले, तर तिथे गाडी लावता येते. गोल निळी पाटी, तिला तांबडी कड आणि एक तांबडी तिरपी रेघ असली, तर तिथे गाडी लावू नये. दोन तांबड्या रेघांची फुली असली, तर तिथे क्षणभरही थांबू नये. तांबड्या गोलात पांढरी आडवी पट्टी दिसली, तर तिकडून आत शिरू नये. काही शहरांत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावतात. त्यामुळे एक बाजू नेहमी मोकळी राहते. ज्याला आकडे वाचता येतात, त्यालाच हे साधते.

पाटी नसली तरी पुढील जागी गाडी लावू नये:

१. चौकात, वळणावर किंवा पुलावर.
२. शाळा, दवाखाना किंवा कोणाच्या घराच्या दारापुढे.
३. एसटीच्या थांब्याजवळ.
४. पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर.
५. समोर आधीच गाडी उभी असेल आणि मध्ये वाट उरत नसेल तिथे.

मग लावावी कुठे? निघतानाच मनात ठरवावे. बाजारात चार कामे असली, तर चार ठिकाणी गाडी नेऊ नये. बाहेरच्या अंगाला मोकळी जागा पाहून ती एकदाच लावावी. कुलूप घालावे आणि कामे पायी करावी. शंभर पावले चालल्याने कोणी झिजत नाही. जवळचे काम असेल तर गाडी घरीच ठेवावी. परतवाड्याला एकट्यालाच जायचे असेल, तर ऑटोने जावे. उभी करण्याची कटकटच नाही.

दुकानदारांनीही थोडे मनावर घ्यावे. दुकानाचा माल, पाटी, बाकडे रस्त्यावर मांडले, की गिऱ्हाइकाची गाडी आणखी पुढे सरकते. आपले शेतकरी बाजाराला जात, तेव्हा बंड्या गावाबाहेर झाडाखाली एका रांगेत सोडत. बैलांना वैरण टाकत आणि पायी बाजार करत. मोटारसायकल आली म्हणून ती जुनी शहाणीव सोडायचे कारण नाही.

रस्ता कोणा एकाचा नसतो. चालणाऱ्या गाडीला जागा लागते, तशी उभ्या गाडीलाही लागते. गाडीला कुलूप लावल्यावर एकदा मागे वळून पाहावे आणि मनाला विचारावे, “आता इथून रुग्णवाहिका जाईल काय?” उत्तर ‘नाही’ आले, तर कुलूप काढावे आणि गाडी हलवावी.

सांगा पाहू:
१. तुमची गल्ली किती फूट रुंद आहे? टेप धरून मोजा.
२. दोन्ही बाजूंना गाड्या असताना मध्ये किती वाट उरते?
३. तुमच्या दारापर्यंत रुग्णवाहिका येऊ शकेल काय? नसेल, तर कोणती गाडी कुठे हलवावी लागेल? शेजाऱ्यांशी बोलून लिहा.