डोकं नाही, काळीज नाही, तरी जिवंत! समुद्रातल्या तीन अजब प्राण्यांची ओळख

मालवण (वार्ताहर) : रापण ओढताना जाळ्यात मासळीसोबत काचेसारखा गोळा येतो. परवा एका पोराने तो गंमत म्हणून उचलला आणि हात झटकत बोंब मारली. शेजारची आजी म्हणाली, "हात लावू नको रे, ता मेलेला असला तरी खाजता." आजीचं म्हणणं शास्त्रालाही मान्य आहे. तो गोळा म्हणजे जेलीफिश. नावात फिश असली तरी तो मासा नव्हे.

स्पंज : जिवंत गाळणी
स्पंज खडकाला चिकटून बसतो, म्हणून झाडपाला वाटतो. पण तो प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, नसाही नाहीत. अंगभर बारीक भोकं असतात. आतल्या पेशींचे चाबकासारखे केस हलत राहतात, त्याने पाणी आत येतं, जिवाणू आणि बारीक अन्न गाळलं जातं आणि पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्पंज बारीक कापडातून दाबून गाळला. सुट्या झालेल्या पेशी परत एकत्र येऊन नवे स्पंज तयार झाले! आपल्या घरात भांडी घासायला असतो तो स्पंज मात्र बहुतेक कारखान्यातला.

जेलीफिश : पाण्याचाच गोळा
हिच्या अंगात साधारण ९५ टक्के पाणी. मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत. खायला आणि घाण टाकायला एकच तोंड. तरी ही जात ५० कोटी वर्षांपासून समुद्रात टिकून आहे. तिच्या दोऱ्यांवर डंखाच्या पेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळलेली विषारी नळी. स्पर्श झाला की ती स्प्रिंगसारखी सुटते. त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही, म्हणून किनाऱ्यावर मरून पडलेलीही डंख मारते.

प्रवाळ : चुन्याची घरं बांधणारे
प्रवाळ दगड दिसतो, पण त्यावर हजारो बारीक जीव राहतात. ते जेलीफिशचे भाऊबंद. पाण्यातून चुना घेऊन ते स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला निवारा आणि खत देतो. आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीसारखाच हा व्यवहार. पण पाणी जास्त तापलं की हा करार मोडतो. शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर थंड झालं नाही तर तो उपाशी मरतो.

आपला काय संबंध?
समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव जाती त्याच्या आधाराने राहतात. मासळीची पिल्लं तिथेच लपतात, वाढतात. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवरही प्रवाळ आहे. काही जातींची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. आज नांगर टाकून मोडलेला तुकडा आपल्या नातवाच्या काळातही भरून येणार नाही. शिवाय प्रवाळ तोडणं, विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

डंख झाला तर
- वाळूने चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. डंखाच्या उरलेल्या पेशी त्याने फुटतात.
- समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे काडीने काढा.
- सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा २० मिनिटं ठेवा.
- श्वास लागला, चक्कर आली किंवा सूज वाढत गेली तर थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात किनाऱ्यावर पोरं घेऊन जाल तेव्हा निळ्या फुग्यासारखं काही दिसलं तर लांबूनच बघा. फोटो काढा, हात लावू नका. आजीचा सल्ला लक्षात ठेवा.